डॉलीचं की व्हिटनीचं? गायला कोणतं बसवावं

‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ हे इंग्रजी गाणं बसवायचं ठरलं की डॉली पार्टनचं मूळ घ्यायचं की व्हिटनी ह्यूस्टनचं, हा प्रश्न येतोच. दोन्ही तुमची ऐकून झालेली असणार, म्हणून सरळ मुद्द्यावर येतो.

व्हिटनीचं १९९२ चं कव्हर, म्हणजे डॉलीचं गाणं तिनं आपल्या ढंगात गायलेलं, गळ्याची परीक्षा घेतं. सुरुवात वाद्यांविना, जागोजागी हरकती, कुठे आधार म्हणून नाही. अमेरिकेत ते १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं आणि ते यश तिच्या आवाजाला शोभणारंच होतं. डॉलीनं हे गाणं लिहिलं ते गायक पोर्टर वॅगनरच्या टीव्ही कार्यक्रमातून बाहेर पडताना, म्हणजे निरोप प्रियकराचा नव्हता, सहकाऱ्याचा होता. १९७४ मध्ये आलेलं तिचं गाणं आवाज चढवायच्या भानगडीत पडतच नाही.

माझा निर्णय झाला तो शेवटच्या कडव्यावर. त्यात जाणारी व्यक्ती मागे राहणाऱ्याला सुखाच्या शुभेच्छा देते. गाण्याचा जीव तिथे आहे, असं मला तरी वाटतं. व्हिटनी ते फार हळुवार गाते. पण नंतर सगळं क्षणभर थांबतं, ड्रमचा एकच ठोका पडतो आणि पट्टी अख्खा एक सूर वर जाते. हा ठोका आता सगळ्यांना इतका पाठ आहे की त्याच्या आधीच्या शुभेच्छा कानावरून निघून जातात. मी गायचो तेव्हाही तेच व्हायचं. तोंडात ते शब्द असायचे आणि लक्ष मात्र पुढच्या सुरासाठी दम साठवण्यात. समोरचेही त्या सुराचीच वाट बघत बसलेले दिसायचे.

डॉली हे कडवं गातच नाही, बोलते. गाण्यात मध्येच असं बोलणं काहींना जुन्या वळणाचं वाटेल, ते मान्य आहे. पण सूरच काढून घेतल्यावर लपायला जागा उरत नाही. जे म्हणायचंय ते मनापासून म्हणावंच लागतं.

गळा खरोखर तयार असेल, मागे पूर्ण वाद्यवृंद असेल, तर व्हिटनीचं जरूर घ्या. साथीला एकच गिटार असेल तर मी डॉलीचं सुचवेन. फक्त ते बोललेलं कडवं गाळू नका. गायिका लिंडा रॉनस्टाटच्या १९७५ च्या कव्हरमध्ये ते नाही, आणि इतकं गोड गायलेलं असूनही ते मला दर वेळी अर्ध्यावर संपल्यासारखं वाटतं.