वीज मोजणारा प्लग: आठ महिने वापरून झाल्यावर

भांडणातून घेतलेली वस्तू आहे ही. आम्ही चौघं भाड्याच्या घरात राहतो, विजेचं बिल चार भागांत वाटतो आणि बिल आलं की एकाच्या संगणकाकडे बोट दाखवतो. काचेची पेटी, आत रंगीत दिवे, पंख्यांचा घरघराट. 'तू जास्तीचे भर' असं आम्ही तिघं म्हणायचो, 'किती जास्तीचे ते सांगा' असं तो म्हणायचा. ते काही सांगता यायचं नाही. दोन महिने बिचाऱ्याने दुप्पट वाटा भरला, तिसऱ्या महिन्यात तो अडून बसला. मग वर्गणी काढून हा मीटर आणला. भिंतीच्या सॉकेटमध्ये हा खोचायचा, याच्यात उपकरण खोचायचं. पडद्यावर त्या क्षणी किती वॉट चाललेत ते दिसतं आणि एकूण किती युनिट जळली तेही.

हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, हे शाळेत पाठ केलेलं असतं, पण हाताला लागलेलं नसतं. पहिल्या आठवड्यात दिसेल ते खोचून बघितलं. मोबाईल न लावता नुसता चार्जर ठेवला तर आकडा शून्यावरून हललाच नाही. (इतकी कमी वीज या मीटरला धड मोजता येत नाही हेही खरं, पण जी काही असेल ती नगण्यच.) चार्जर सॉकेटमध्ये राहिला म्हणून वर्षभर एकमेकांवर खेकसलो होतो. उलट राउटर फक्त ९ वॉटचा, पण चोवीस तास चालू, म्हणजे महिन्याला साडेसहा युनिट. त्याच्याबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

संगणकाचा निकाल असा: नुसता उघडा असताना ७० वॉट, गेम चालू झाला की २८० च्या आसपास. पूर्ण महिना मीटर लावून ठेवला, ३१ युनिट भरले. जास्त आहेत, नाही असं नाही. पण पुढच्याच आठवड्यात पाणी तापवायचा रॉड मोजला आणि आम्ही तिघं गप्प झालो. पंधरा लिटरची बादली २५ अंशांनी तापवायला हिशेबाने ०.४४ युनिट लागतं. वाया जाणारी उष्णता धरून आमच्याकडे अर्ध्या युनिटाच्या जवळ जात होतं. चौघांच्या चार बादल्या म्हणजे दिवसाला दोन, महिन्याला साठ युनिट. ज्याच्यावर खटला चालवला त्याच्या दुप्पट वीज आम्ही सगळे मिळून अंगावर ओतत होतो. आणि हे रॉड वेळेवर बंद केला तर. दीड हजार वॉटच्या रॉडला तेवढं पाणी तापवायला साडेसतरा मिनिटं पुरतात, आमच्यातला एक जण रॉड लावून परत झोपायचा. आता मोबाईलवर गजर लावतो आणि बादली अर्धीच भरतो. बचत म्हणावी अशी पहिली बचत तीच.

फ्रिज मोजायचा तर पूर्ण दिवस द्या. त्याचा कॉम्प्रेसर मध्येच चालतो, मध्येच थांबतो, त्यामुळे दहा मिनिटांच्या आकड्याला काही अर्थ नाही. आमचा फ्रिज घरासोबत आलेला, म्हातारा, बर्फाच्या कप्प्यात बोटभर थर साचलेला. आधी दिवसाला १.६ युनिट खायचा. बर्फ वितळवला, भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, दाराची रबरी पट्टी पुसून नीट बसवली. १.१ वर आला.

पण या मीटरने खरं काम केलं ते वेगळंच. पंखे आणि दिवे याच्यात खोचता येत नाहीत, म्हणून त्यांवर लिहिलेले वॉट आणि तास धरून अंदाज काढला, बाकीचं मोजलेलं त्यात मिळवलं, तरी बिलावरच्या युनिटांपेक्षा बेरीज ऐंशीएक युनिटांनी कमी. दोनदा मांडली, तेवढीच. मग एका सुट्टीच्या दुपारी फ्रिज, राउटर, सगळं काढलं आणि घराच्या मुख्य मीटरसमोर घड्याळ घेऊन उभे राहिलो. त्यावर एक लाल ठिपका लुकलुकतो, शेजारी ३२०० असा आकडा लिहिलेला: एका युनिटाला ३२०० लुकलुकी. असा मीटर असेल तर ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, वॉट मिळतात. घरात काहीही चालू नसताना आमचा ठिपका दर साडेनऊ सेकंदांनी डोळा मारत होता. म्हणजे १२० वॉटच्या आसपास. एकाने मेन स्विच पाडला आणि जिन्यातून आवाज आला, "अरे, लाईट कुणी घालवली?"

जिन्यातले दोन जुने बल्ब, साठ-साठ वॉटचे. जिना अंधारा म्हणून दिवसरात्र चालू आणि वायर आमच्या मीटरवर. महिन्याला ८६ युनिट. संगणकाची जवळजवळ तिप्पट! घरमालक काकांना आधी पटेना. मग त्यांना जिन्यात उभं केलं आणि मेन स्विच दोनदा पाडून दाखवला. त्यांनी वायर बदलून घेतली, मागचे पैसे मात्र 'बघू' म्हणाले, ते अजून बघतायत. नवीन घर घेणाऱ्यांनी ही दोन मिनिटांची तपासणी पहिल्याच दिवशी करावी आणि मीटरच्या आकड्याचा फोटो काढून मालकांना पाठवून ठेवावा. त्याला प्लगही लागत नाही.

आता तक्रारी. पडदा समोरूनच वाचता येतो आणि सॉकेट नेमके जमिनीलगत, त्यामुळे पोटावर पडून, मोबाईलचा टॉर्च मारून आकडे टिपावे लागतात. आतला बटण सेल चौथ्या महिन्यात संपला. वीज गेली आणि तीन आठवड्यांची नोंद पुसली गेली. तेव्हापासून दर रविवारी वहीत लिहितो. रॉड लावला की मीटर कोमट होतो, म्हणून त्यावर किती अँपियरपर्यंत चालेल असं लिहिलंय ते वाचूनच जड उपकरण लावा, आणि एक्स्टेंशन बोर्डवर तर नकोच. भिंतीत थेट जोडलेला गीझर याने मोजता येत नाही.

बिल किती उतरलं? युनिट चाळीस टक्क्यांहून जास्त उतरले, पण त्यातला मोठा वाटा जिन्याचा. पैसे तेवढे उतरत नाहीत, कारण स्थिर आकार आपल्या जागी असतो. जिथे दर टप्प्याटप्प्याने वाढतो तिथे वरचा टप्पा चुकला तर फरक जास्त दिसेल. भाड्यापुढे हे सगळं किरकोळच आहे, घर निवडताना केलेली चूक प्लग भरून काढत नाही.

संगणकवाल्याचे महिना ३० युनिट वेगळे धरतो, बाकीचं चार भागांत. दुप्पट भरलेल्या दोन महिन्यांचे त्याचे पैसे आम्ही परत केले, हप्त्याने.

विकत घेण्याआधी कुणाकडे मागून बघा, कारण खरं काम दोन-तीन महिन्यांचंच असतं. आमचा सध्या वरच्या मजल्यावरच्या मुली घेऊन गेल्यात. त्यांच्याकडेही एकीच्या हेअर ड्रायरवरून वाद चालू आहे म्हणे.