मे महिन्यात सार पास की राजगड-तोरणा?

एप्रिल आला की ऑफिसात कोणीतरी विचारतंच, मेमध्ये एकच ट्रेक जमणारे, हिमालयात सार पासला जाऊ का इथेच राजगड-तोरणा मारू, आणि लगेच पुढचं वाक्य, "फिटनेसचा प्रश्न नाही रे, आतकरवाडीतून सिंहगड पन्नास मिनिटांत चढतो मी." तिथेच मला हसू येतं. सिंहगडाचा टायमिंग दम आणि पाय किती तयार आहेत ते सांगतो, पण या दोन ट्रेकमध्ये माणूस आडवा होतो तो वेगळ्याच कारणांनी.

सार पास साधारण ४,२०० मीटर. तिथे हवेत ऑक्सिजन २१ टक्केच, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दर श्वासात हाताला लागतो तो कमीच. मग शरीर श्वास वाढवतं, सारखी लघवीला लावतं, रक्त थोडं दाट होतं, आणि नव्या तांबड्या पेशींची भर पडायला आठवडे लागतात, तेवढी रजा आपल्याला कोण देतंय! त्यामुळे उपाय एकच, हळू चढायचं. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, असा ठोकताळा आहे. यात फिट माणसाला सूट नाही. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली आपल्या सैन्यातल्या १,९२५ जवानांच्या माउंटन सिकनेसवर, म्हणजे उंचीवर होणाऱ्या त्रासावर, लिहिलं होतं, आणि ती काय जिना चढून धापा टाकणारी माणसं नव्हती.

राजगड-तोरण्याचं बरोब्बर उलट. तोरणा १,४०३ मीटर, हवा पोटभर, पण मेच्या उन्हात बुधला माचीवरून निघालं की सावली नावालाच आणि वाटेत पाण्याचा भरवसा नाही. चालताना स्नायू जी ऊर्जा जाळतात त्यातली तीन चतुर्थांशाहून जास्त उष्णताच होते, ती बाहेर टाकायला घाम. एक लिटर घाम वाळला तर ५८० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता घेऊन जातो, वाळला तर हं, नुसता टपटप गळला तर काही उपयोग नाही, आणि मेच्या शेवटी हवा दमट झाली की तो वाळतच नाही.

पण एक मोठी सोय आहे, उन्हाची सवय पुण्यात बसून होते. १०-१४ दिवस रोज तासभर उन्हात वेताळ टेकडी केली, अर्थात हळूहळू वाढवत, की रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. उंचीची सवय मात्र इथे राहून होत नाही, श्वास अडवणारा ट्रेनिंग मास्क लावून पर्वती चढणाऱ्यांनी कृपया वाईट वाटून घेऊ नये.

खाण्यापिण्यात तर दोन टोकं. सह्याद्रीत तासाला लिटरभर घाम सहज जातो, त्याबरोबर मीठही, आणि आपण नुसतं पाणी ढोसत राहिलो तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, तेही धोक्याचंच. म्हणून मीठ घातलेलं ताक, कोकम सरबत, नाहीतर मेडिकलमधली ओआरएसची पुडी, बरोब्बर एक लिटर पाण्यात. टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. आतड्यात साखर आणि सोडियम जोडीनेच आत जातात आणि मागोमाग पाणी, याच जोरावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले.

वर हिमालयात भूकच मरते. माझ्या डब्यातली शेंगदाणा चिक्की कॅम्पवर बघवेना, शेवटी वरणभातावर तरलो. तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये स्निग्धपदार्थांपेक्षा भात-गुळातून थोडी जास्त ऊर्जा मिळते, म्हणून खजूर, गूळपोळी, भात, आणि थोडं थोडं दर तासाला. तहान लागली नाही तरी पाणी पीत राहा, थंड कोरड्या हवेत श्वासातूनच बरंच जातं.

बिघडलं तर? बसल्या जागी धाप, खोकला, चालताना झोक जाणं, असं हिमालयात काही झालं की वाट न बघता खाली. अ‍ॅसिटाझोलामाइड ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची का ते आधीच डॉक्टरांना विचारा, ग्रुपवर नको. उन्हात कोणी असंबद्ध बोलायला लागला तर आधी सावलीत पाणी ओतून वारा घालून गार करा, उचलाउचली नंतर.

खर्चाचं काय बोलायचं, एकीकडे स्वारगेटहून वेल्ह्याची एसटी, दुसरीकडे कसोलपर्यंतचा प्रवास. पण दहा दिवसांची रजा असेल तर मी डोळे झाकून सार पास म्हणेन, मे हा त्याचाच सीझन आणि राजगड डिसेंबरमध्ये दसपट छान असतो. दोनच दिवस असतील आणि उन्हाची सवय केली असेल तरच राजगड-तोरणा, तोही पहाटे चारला चालायला लागून, अकराच्या आत सावली गाठायची आणि उरलेली वाट ऊन उतरल्यावर. निघण्याआधी एकदा तासभर टेकडी करून आधी-नंतर वजन करा, किलोभर कमी म्हणजे लिटरभर घाम, त्यात वाटेत प्यायलेलं मिळवा, त्या हिशोबाने बाटल्या भरा.