भुसावळातलं 'स्ट्रेस अँड ब्रेन केमिस्ट्री' पॅकेज, २ स्टार, ते पण मागच्या पानासाठी

लॅबचं नाव घेत नाही, पण अशी पॅकेजं आता जळगाव, धुळे सगळीकडेच निघालीत म्हणून लिहितोय. मी लोको पायलट, कधी रात्री दोनला साइन ऑन (म्हणजे ड्युटी सुरू) तर कधी भर दुपारी, झोपेचा काही नेम नाही, तर घरचे मागेच लागले की करून ये. अडीच हजार रुपये, उपाशीपोटी रक्त, संध्याकाळी रिपोर्ट व्हॉट्सअपवर. रक्त काढणाऱ्या ताईंचा हात एकदम हलका, एसी चालू होता (मे महिन्यात भुसावळात हे पण लिहावं लागतं भो).

पॅकेजचा हिरो म्हणजे कॉर्टिसोल, शरीरातलं स्ट्रेस हार्मोन. हे पहाटेपासून चढतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सगळ्यात वर जातं आणि मग उतरत उतरत मध्यरात्रीकडे तळाला येतं, म्हणून सकाळच्या सॅम्पलची रेंज वेगळी असते. ठीक आहे, पण मी खंडव्याहून गाडी आणून पहाटे साइन ऑफ करून सरळ तिथं गेलेलो, रात्रभर जागा. झोपलात का, दम्याचा पंप चालू आहे का, गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलंय का, काउंटरवर एका शब्दानं कोणी विचारलं नाही, आणि या सगळ्यानं आकडा हलतो. रिपोर्ट आला तर हिरवा हसरा चेहरा, 'स्ट्रेस लो'. बायको तो बघून जी हसत सुटली! डॉक्टर लोक ही टेस्ट कुशिंग (कॉर्टिसोल फार जास्त) किंवा ॲडिसन (फार कमी) सारख्या आजाराचा संशय असला की करतात, रोजचं टेन्शन मोजायला नाही.

दुसरं पान 'ब्रेन केमिस्ट्री', मेंदूचं रंगीत चित्र आणि खाली सेरोटोनिन, डोपामिन या मेंदूत निरोप पोचवणाऱ्या रसायनांचे आकडे. आता शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन बनतं आतड्यात, रक्तातलं बसलेलं असतं प्लेटलेटमध्ये, आणि रक्तातून मेंदूत ते जातच नाही, मेंदू आपलं आपण बनवतो. म्हणजे इटारसीच्या यार्डातले डबे मोजून भुसावळच्या यार्डात किती उभे ते सांगायचं. या पानाचे पैसे सरळ पाण्यात.

ब्रोशरवर मात्र ब्रूस मॅकइवेन या शास्त्रज्ञाचं नाव मोठ्ठं छापलंय, म्हणून रनिंग रूममध्ये (आमची ड्युटीमधली विश्रांतीची खोली) पडल्या पडल्या त्याच्याबद्दल वाचत बसलो, आणि माणूस खरंच भारी निघाला. १९६६ ला न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीत लागला आणि २०२० मध्ये वारेपर्यंत तिथंच. १९६८ ला त्यानं दाखवलं की उंदराला दिलेलं स्ट्रेस हार्मोन मेंदूत जाऊन हिप्पोकॅम्पसमध्ये ठाण मांडतं, म्हणजे जिथं आठवणींचं काम चालतं तिथंच. पुढे त्याच्या लॅबमध्ये उंदरांना रोज काही तास असं तीन आठवडे कोंडून ठेवलं तर तिथल्या पेशींच्या फांद्या आखडलेल्या सापडल्या, आणि त्रास थांबवला की त्या परत वाढतात हे पण दिसलं. (हे वाचून मला तरी जरा बरं वाटलं.) १९९३ मध्ये त्यानं एलियट स्टेलर बरोबर मांडलं की टेन्शन वर्षानुवर्षं राहिलं की अख्ख्या शरीराची झीज होते, आणि १९९७ ला टेरेसा सीमन आणि इतरांबरोबर ती मोजायला दहा गोष्टी एकत्र घेतल्या: वरचं-खालचं बीपी, कंबर आणि नितंबाचं माप, कोलेस्टेरॉलचे आकडे, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), डीएचईए-एस नावाचं आणखी एक हार्मोन, आणि हो, कॉर्टिसोल पण होतं, पण ते रात्रभराच्या लघवीतलं, सोबत ॲड्रेनालिन आणि नॉरॲड्रेनालिन. ज्याच्या नावावर पॅकेज विकताय त्यानंच एका आकड्यावर भागवलं नाही, तुम्ही कसं भागवलं राव?

आणि गंमत म्हणजे कामाचं जे आहे ते याच पॅकेजच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात आहे. बीपी, लिपिड, एचबीएवनसी. माझं एचबीएवनसी ६.१ आलं, म्हणजे शुगरच्या उंबरठ्यावर, त्यावर रिपोर्टमध्ये एक ओळ नाही, फोन नाही, वर तो हिरवा चेहरा हसतोय. कंबर मोजायला टेप तर काढलीच नाही कोणी, दोन रुपयाचा खर्च नाही त्याला.

तर जायचं असेल तर काउंटरवर सांगा, पॅकेज नको, फक्त लिपिड आणि एचबीएवनसी करा. जरा कुरकुर करतात पण करून देतात, पैसे निम्म्याहून कमी लागतात, बीपी तर फुकटच बघतात. सातच्या आत पोचा, नंतर रांग लागते आणि गाडी लावायला जागा अजिबात नाही.