जुन्या टीएसआर मॉड्यूल्सची पेटी: पुण्यातल्या नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

टीएसआर ही अमेरिकन प्रकाशन कंपनी. तिची मॉड्यूल्स म्हणजे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाच्या साहसांच्या पातळ पुस्तिका. निकाल आधीच सांगून टाकतो. पेटी चांगली, सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) चांगलं, पुस्तिका ठेवायची प्लास्टिकची पाकिटं जेमतेम. पण या तिन्हींपेक्षा महत्त्वाचं म्हणजे पेटी कोणत्या महिन्यात बंद केली. एप्रिलमध्ये बंद केलेली पेटी डिसेंबरपर्यंत निवांत राहिली. तशीच दुसरी पेटी जुलैत भरली, तिनं दर आठवड्याला डोकं खाल्लं.

सामान असं: झाकणाला सिलिकॉनची कड असलेल्या २५ लिटरच्या दोन प्लास्टिक पेट्या, प्रत्येकीत साधारण ३० मॉड्यूल्स, २५० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र. मॉड्यूल्स १९७८ ते १९८५ मधली, बहुतेक टीएसआरची. पुण्याच्या पावसाळ्यात घरातली आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर जाते आणि ६५-७० च्या पुढे बुरशीला रान मोकळं. शिवाय या पुस्तिका चाळीस-पंचेचाळीस वर्षं जुन्या, लोखंडी पिना मारलेल्या. पिन गंजली की मधल्या पानांवर तपकिरी डाग पडतो आणि तो निघत नाही.

जुलैची पेटी का फसली, ते गणितच आहे. २५ लिटर हवेत, अगदी चिंब हवेतसुद्धा, पाणी असतं अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. तेवढ्याला चमचाभर सिलिका जेल पुरे. खरा साठा कागदात असतो. ३२ पानी मॉड्यूलचं वजन कव्हरसकट ११०-१२० ग्रॅम, म्हणजे तीस मॉड्यूल्सचा साडेतीन किलो कागद झाला. ८० टक्के आर्द्रतेत कागद स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास पाणी धरून असतो, ५० टक्क्यांत सहा-सात. फरक तीन-चार टक्क्यांचाच, पण साडेतीन किलोवर तो सव्वाशे ग्रॅम पाणी होतो. ५० टक्के आर्द्रतेला सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी घेतं. म्हणजे अर्धा किलो तरी हवं. २५० ग्रॅम तिथे कुठे पुरणार? ओल भरली की रंग बदलणारे नारंगी दाणे चार दिवसांत हिरवे झाले आणि हायग्रोमीटरचा आकडा सत्तरवरच अडकला.

मार्च-एप्रिलमध्ये हेच काम पुण्याची हवा फुकटात करते. दुपारची आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली उतरते. पापड-कुरडयांचे दिवस तेच मॉड्यूल्सच्या वाळवणाचे दिवस, फक्त कुरडया गच्चीवर आणि मॉड्यूल्स घरात, पंख्याच्या वाऱ्यात, उन्हापासून लांब. दोन-तीन दिवस सुटी मांडून ठेवायची आणि दुपारी तीनच्या सुमारास पेटीत भरून झाकण लावायचं. सकाळी नको, सकाळची हवा दमट असते. अशी बंद केलेली पेटी ४२ टक्क्यांवरून सप्टेंबरअखेर ५२ पर्यंत चढली, तीही मधे तीन वेळा उघडून.

पेटी घेताना झाकणावरच्या ‘एअरटाइट’ या शब्दावर जाऊ नका. कागदाची पट्टी कडेत धरून झाकण लावा आणि ओढून बघा. पट्टी सहज सरकली तर तिथून हवाही सरकणार. चारही बाजूंना करून बघा, कारण क्लिपांच्या मधोमध झाकण उचललेलं असतं. पत्र्याची पेटी नको, ती हवाबंद होत नाही आणि स्वतःच गंजते. पेटी माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका. आतल्या भिंतीशी, जमिनीपासून वीतभर उंच बरी. हायग्रोमीटरही तपासून घ्यायचा. बाटलीच्या झाकणात मीठ ओलसर करायचं, चिखलासारखं, पाणी वर तरंगता कामा नये. मग ते आणि हायग्रोमीटर एका डब्यात रात्रभर बंद. सकाळी ७५ दिसायला हवं. ८० दाखवला तर पाच वजा करून वाचायचा, फेकायची गरज नाही.

सिलिका जेल पुन्हा कोरडं करायला ओव्हन लागतो: ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास, ताटात पातळ पसरून. एप्रिलच्या कडक उन्हातही ते होत नाही, तेवढं तापतच नाही. कढईत भाजलं तर खालचे दाणे काळपट पडतात आणि पुढे रंग बदलेनासे होतात. सगळं रंगीत घेण्यापेक्षा पांढऱ्यात मूठभर नारंगी मिसळलं की स्वस्तात काम भागतं.

आता पाकिटं, म्हणजे या प्रकरणातली ठसठस. मॉड्यूल अमेरिकन लेटर आकाराचं, २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपल्याकडे सगळा संसार ए-फोरचा, २१० बाय २९७. उंचीला जागा उरते आणि रुंदीला अडतं. ए-फोरच्या पाकिटात सुटा लेटर कागद कसाबसा जातो, पण ३२ पानं, जाड कव्हर आणि मागे बोर्ड असा ऐवज आत सारताना कव्हरचा खालचा कोपरा हमखास दुमडतो. एकदा पडलेली ती पांढरी रेघ जात नाही. अप्पा बळवंत चौकात एफसी, म्हणजे फुलस्केप साइझची पाकिटं मागा आणि दुकानातच पट्टी लावून आतली रुंदी मोजा; २३० मिलिमीटर हवी. वर उरलेला भाग मागे दुमडायचा.

प्लास्टिक कोणतं, हेही तिथल्या तिथे विचारून उपयोग नाही, उत्तर नेहमी ‘चांगलं आहे’ असंच येतं. पीव्हीसी नको. त्यातलं मऊ करणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं, पाकीट चिकट होतं आणि काढताना कव्हरची शाई सोबत घेऊन जातं. नव्या रेनकोटसारखा वास आला की ठेवून द्या. घरी खात्री करायची तर नखाएवढा तुकडा कापून साबणाचं थेंबभर पाणी मिसळलेल्या ग्लासात बुडवा. पॉलिप्रॉपिलीन वर तरंगतं, पीव्हीसी तळाला जातं. पॉलिएस्टरही बुडतं, पण ते काचेसारखं स्वच्छ, कडक असतं आणि चुरगाळलं की कडकड वाजतं, त्यामुळे घोटाळा होत नाही.

सगळ्यात पटलेला उपाय मात्र पाकिटाचा नाहीच. ७५ किंवा १०० मायक्रॉनची साधी, कोणताही लेप नसलेली पॉलिएस्टर फिल्म घ्या, ४६० बाय २९० चा तुकडा कापा आणि मधोमध घडी घाला. मॉड्यूल वरून ठेवायचं, आत सारायचं नाही, त्यामुळे कोपरे शाबूत राहतात. लॅमिनेशनची फिल्म याला चालत नाही, तिच्या एका बाजूला गोंद असतो. आणि झेरॉक्सवाल्यानं आपुलकीनं ‘लॅमिनेट करून देऊ का?’ विचारलं, तर पुस्तिका छातीशी धरून निघून या.

खरेदीबद्दल थोडं. टीएसआरच्या सुरुवातीच्या मॉड्यूल्सचं कव्हर पुस्तिकेला जोडलेलं नसायचं. सुटं कव्हर, त्याच्या आतल्या बाजूला फिकट निळ्या शाईत नकाशे. त्यामुळे ‘कव्हर सुटलंय’ हा दोष नाही, पण कव्हर नसेल तर नकाशाही नाही. विकणाऱ्याकडून तीन फोटो मागा: कव्हरची आतली बाजू, मधल्या पानावरच्या पिना आणि जोडपुस्तिका. एस१ (हा मॉड्यूलचा क्रमांक) ला, म्हणजे १९७८ च्या ‘टूम ऑफ हॉरर्स’ला, खेळाडूंना दाखवायच्या चित्रांची वेगळी पुस्तिका आहे, तीच बहुतेक वेळा गायब असते. बी१ मध्ये, म्हणजे ‘इन सर्च ऑफ द अननोन’मध्ये, पेन्सिलीची लिखापढी दिसली तर दचकू नका. त्यात खोल्यांमधले राक्षस आणि खजिना डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, भरावा म्हणून जागा मुद्दाम कोऱ्या सोडल्या होत्या. खोडू नका, खोडरबर कागदाचा पृष्ठभाग उचलतं. बी२, म्हणजे ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’, नवख्यांसाठीच्या बेसिक सेटच्या खोक्यात दिलं जायचं, म्हणून प्रती उदंड. त्याला दुर्मीळ म्हणणाऱ्याशी पुढे बोलू नये. आणि १९९९ मध्ये खेळाच्या २५ वर्षांनिमित्त काही मॉड्यूल्स जुन्या रूपात पुन्हा छापली गेली. कागद फारच पांढरा आणि पिना लखलखीत दिसल्या तर तेवढं विचारून घ्या.

तो निळा नकाशा साध्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये उडून जातो. रंगीत स्कॅन करा आणि फोटो एडिटरमध्ये फक्त लाल चॅनेल ठेवा. निळी शाई लाल प्रकाश शोषते, म्हणून रेघा काळ्या उठून दिसतात आणि पिवळट कागद पांढरा होतो. खेळायला हीच प्रिंट वापरायची.

पावसाळ्यात आलेलं पार्सल थेट पेटीत नको. पुस्तिका पंख्याखाली सुकवून, झिपच्या पिशवीत बंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांवर, मटारच्या पिशव्यांशेजारी. कसर आणि तिची अंडी यानं मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही, नाहीतर दव थेट कागदावर बसतं. आपल्या पोथ्यांत असते तशी वेखंडाची पुरचुंडी पेटीत चालते, पण कापडात बांधून कोपऱ्यात. कागदाला टेकली तर तेलाचा डाग पडतो. डांबरगोळ्या नकोत. वास वर्षभर जात नाही आणि काही प्लास्टिकं त्या वाफेनं मऊ पडतात.

आडवी रचताना पिनांची बाजू एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे घ्या, नाहीतर गठ्ठा एका अंगाला फुगतो. दहा-बारापेक्षा जास्त एकावर एक नको. जजेस गिल्ड या दुसऱ्या प्रकाशकाची वर्तमानपत्री कागदावरची मॉड्यूल्स वेगळ्या फिल्ममध्ये, शेवटच्या गठ्ठ्यात ठेवा, त्यांचा पिवळेपणा शेजाऱ्याला लागतो. जुलैच्या पेटीतली मॉड्यूल्स आता बाहेर काढून ठेवली आहेत. ती पुन्हा भरायची एप्रिलमध्ये, दुपारी तीनला, आणि या वेळी अर्धा किलो सिलिका जेल घालून.