सिस्टर घरी येतात, पण गोळी पोटात जाते का? सात महिन्यांच्या घरभेटींनंतरचा अनुभव

नवी मुंबईच्या दिघा ते तुर्भे पट्ट्यातल्या वस्त्यांत पहिलटकरणींकडे आरोग्यसेविका आणि आशाताई घरी येऊन जातात. सात महिने ही सुविधा वापरल्यावरचा हा हिशेब. आधीच सांगायचं तर घरभेट म्हणजे दवाखाना नव्हे. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी, किमान चार तपासण्या, सोनोग्राफी, धनुर्वाताची इंजेक्शनं हे सगळं आरोग्य केंद्रात जाऊनच करावं लागतं. घरभेटीचा खरा उपयोग होतो तो स्वयंपाकघरातल्या फळीपाशी, जिथे गोळ्यांची पाकिटं ठेवलेली असतात.

लाल गोळीत लोह ६० मिलीग्रॅम आणि फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅम असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. पांढरी कॅल्शियमची, ५०० मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा. दोन्ही एकाच पिशवीत मिळतात आणि बाई त्या एकदमच गिळून मोकळी होते, वर चहा. कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही आणि चहाही देत नाही. मग दोन महिने गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन जिथल्या तिथे, आणि सगळे म्हणतात, "हिच्या अंगालाच लागत नाही." जमणारं वेळापत्रक असं: कॅल्शियम नाश्त्यानंतर आणि दुपारच्या जेवणानंतर, लोह रात्री जेवून दोनेक तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. मळमळ झोपेत निघून जाते. शौचाला काळं होतं हे आधी सांगितलं नाही, तर तिसऱ्या दिवशी घाबरून पाकीट फळीवरच राहतं.

"गोळ्या घेतेस ना?" याला उत्तर एकच, "हो." मुरलेली सिस्टर हे विचारतच नाही. "पाकीट आण बघू," म्हणते, फोडलेली घरं मोजते, गेल्या भेटीची तारीख कार्डावर बघते. वीस दिवसांत नऊच गोळ्या गेल्या असतील तर रागावत नाही. का राहिल्या ते काढून घेते. बहुतेक वेळा कारण बद्धकोष्ठ असतं. या एका सवयीसाठी घरभेटीला पूर्ण गुण.

मोजमापांच्या बाबतीत मात्र हात राखून. चाळीत नळाला पाणी येण्याची वेळ आणि सिस्टरची वेळ एकच पडली, तर कळशी खाली ठेवल्या ठेवल्या पट्टा दंडाला लागतो आणि बीपी १४०/९० च्या वर दिसतं. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीला, हात हृदयाच्या पातळीला, मगच मोजायचं. तरीही वर आलं तर थोड्या वेळाने पुन्हा, आणि दुसऱ्यांदाही तसंच असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. हिमोग्लोबिनसाठी बोट टोचल्यावर पहिला थेंब पुसायचा असतो. बोट दाबून दाबून रक्त काढलं की त्यात पेशींभोवतालचं पाणी मिसळतं आणि आकडा खोटाच कमी येतो. लघवी तपासायच्या पट्ट्यांचं तर पावसाळ्यात विचारूच नका! डबीचं झाकण सैल राहिलं की आपल्याकडच्या दमटपणात पट्टी आधीच रंग बदलते. वजनकाटा चटईवर ठेवला तर दर महिन्याची तुलना गेली कामातून. तो नुसत्या फरशीवरच हवा.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रोज दोन लाल गोळ्या आणि दर महिन्याला फेरतपासणी. महिन्याभरात १ नेही वाढलं नाही तर पुढच्या दवाखान्यात पाठवणं, आणि ७ च्या खाली असेल तर गोळ्यांवर वेळ न घालवता थेट रुग्णालय. हे कार्डावर लिहिलं जातं, पण ते वाचून दाखवायचं कष्ट सगळ्या सिस्टर घेत नाहीत.

आहाराचा सल्ला सासूबाई समोर असताना दिला तरच टिकतो. "दोन जिवांची आहे, दुप्पट खा" याऐवजी रोजच्यापेक्षा साधारण ३५० कॅलरी जास्त, म्हणजे एक भाकरी, वाटीभर उसळ आणि एक केळं, असं ताटात दाखवलं की वाद मिटतो.

वेळेची तक्रार मोठी आहे. भेटी अकरा ते एकमध्ये होतात. तेव्हा एमआयडीसीत किंवा घरकामाला जाणारी बाई घरी नसते, दाराला कुलूप बघून आशाताई परत जातात आणि नोंदवहीत "भेटली नाही" एवढंच उरतं. आदल्या संध्याकाळी एक फोन केला तरी निम्मं काम होईल.

त्याहून मोठी गळती सातव्या महिन्यात होते. डोहाळजेवण झालं की पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी. इथली नोंद इथेच राहते, तिथल्या आशाताईंना हिची खबरच नसते, आणि बीपी चढण्याचा धोका नेमका याच काळात असतो. निघताना बॅगेत माता-बाल कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रक्तगट, इंजेक्शनच्या तारखा आणि उरलेल्या दिवसांच्या मोजून घेतलेल्या गोळ्या हव्यात. माहेरच्या आशाताईंचा नंबर इथून निघायच्या आधीच मिळवायचा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र पहिलटकरणीला ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. आधारवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं, यात ते अडकतात, म्हणून हेही आधीच निस्तरलेलं बरं.

इथेच बाळंतपण करायचं तर रुग्णालय छत्तिसाव्या आठवड्यापूर्वी ठरवायचं आणि वाटही ठरवायची. दिघ्याहून कळव्याला जाताना पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरतं, तेव्हा दुसरा पर्याय वाशीच्या दिशेने तयार हवा. रुग्णवाहिकेचे १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर नवऱ्याच्या फोनमध्ये आणि शेजारणीच्याही. डोळ्यांपुढे अंधारी, जोरात डोकेदुखी, चेहऱ्यावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही दिसलं की पुढच्या भेटीची वाट बघायची नाही.

बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई येतात, पण चीक पाजायचा, मध-गुटी द्यायची नाही, हे तिसऱ्या दिवशी सांगून काय उपयोग? तोवर घरातल्या कुणीतरी मध चाटवून झालेला असतो. आठव्या महिन्यातल्या भेटीत, आजी समोर बसलेली असतानाच हे बोलून घ्यायला हवं.