थंडीत हटून बसणारी इंडिका आणि चाळीसगाव रोडचे पंपवाले नाना

धुळ्यात डिझेलच्या कामाला माणूस मिळत नाही असं होत नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग आपल्या गावात एकमेकांना छेदतात, त्यामुळे इंजिनाचा डिझेल पंप दुरुस्त करणारे पंपवाले, डिझेल फवारणाऱ्या तोट्यांचे नोझलवाले, सेल्फवाले पायलीला पन्नास. पण बहुतेकांचा हात बसलेला असतो तो ट्रकवर, आणि ट्रकचं इंजिन थंड व्हायला वेळच कुठे मिळतो! रात्रभर देवपुरात अंगणात उभी राहणारी आणि सकाळी साडेसहाला निघायला लागणारी जुनी डिझेल कार हा वेगळा पेशंट आहे. तो ज्यांना कळतो असं एक दुकान मला सापडलं, म्हणून हे लिहिते आहे.

दुकानाला नाव नाही. चाळीसगाव रोडवरून आत वळलेल्या गल्लीत पत्र्याची शेड आहे आणि शटरच्या वर लाल रंगात ‘डिझेल पंप, नोझल, हीटर’ एवढंच रंगवलेलं. मालकांना सगळे नाना म्हणतात, मीही तेच म्हणते.

गाडी माझ्या सासऱ्यांनी २००४ साली घेतलेली इंडिका व्ही-टू. एमएच-१८, साधं १४०५ सीसीचं इंजिन, टर्बो वगैरे काही नाही. पुन्हा पासिंग झालेलं आहे आणि नेरच्या बाजूला माझी शाळा आहे, तेव्हा विकायचा प्रश्न येत नाही. बाराही महिने ही गाडी गुणी. फक्त दिवाळी उलटली की सकाळी कुरकुर सुरू होते, आणि डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट येऊन पारा ६-७ अंशांवर गेला की सपशेल बसकण. सेल्फ फिरतो, इंजिन घुर्रघुर्र करतं, मागून पांढरा धूर येतो, गाडी काही उठत नाही. हीच गाडी अकराच्या उन्हात अर्ध्या चावीला चालू.

ही ‘अकराच्या उन्हात चालू’ची भानगडच सगळ्यांना चकवते. आधी मी शहरातल्या एका मोठ्या, काचेचं केबिन असलेल्या गॅरेजात गेले होते. तिथे पहिलं वाक्य होतं, “मॅडम, मिस्टरांना पाठवा ना, त्यांना समजावतो.” आमच्या मिस्टरांना बॉनेट उघडायचा खटका कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा ठाऊक नाही, पण ते असो. तिथे आधी नवी बॅटरी बसवली. फरक पडला नाही. मग सेल्फ उघडून कार्बन बदलले. फरक नाही. प्रत्येक वेळी गाडी दुपारी तपासली, एका झटक्यात चालू झाली, आणि ‘झाली ओके’ म्हणून चावी माझ्या हातात. थंड इंजिनाचा आजार गरम इंजिनावर शोधत होते, सापडणार कुठून?

नानांचा पहिला प्रश्न मात्र असा होता: “धूर निंघस का ताई? कोन्ता रंगना?” बॉनेटला हातसुद्धा न लावता. मी म्हटलं, पांढरा, पण लगेच येत नाही, थोडा वेळ सेल्फ मारल्यावर येतो. त्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, “मंग गाडी आठेच ऱ्हाऊ द्या रातभर. गरम गाडीमा काय समजी?”

या दुकानाचं वेगळेपण याच एका अटीत आहे. सकाळी चालू न होणारी गाडी ते आदल्या संध्याकाळी ठेवून घेतात आणि पहाटे, कुणीही चावी लावायच्या आधी तपासतात. मालक समोर असलेला बरा, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा सकाळी सहाला, कानाला स्कार्फ बांधून, मी तिथे हजर.

धुराचं गणित त्यांनी तिथे उभ्याउभ्या समजावलं. सेल्फ फिरतोय आणि धूरच नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. पांढरा धूर आहे, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही, कच्चंच बाहेर पडतंय. माझ्या गाडीत आधी काही सेकंद काहीच नाही आणि मग पांढरा, म्हणजे दोन्ही आजार एकदम. डिझेल उशिरा येतंय आणि आल्यावर गरमी मिळत नाही. पाना हातात घ्यायच्या आधीच निम्मं निदान झालं होतं.

बॅटरी त्यांनी मोजलीच, कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. उभ्या गाडीत १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना १०च्या किंचित वर. साडेनऊच्या खाली गेली असती तर बॅटरी, केबल किंवा अर्थिंगकडे वळलो असतो, म्हणाले. चावी फिरवल्यावर पंपावरचा सोलेनॉइड, म्हणजे डिझेलची वाट उघडणारा विजेचा खटका, ‘टक्’ वाजतो का तेही कान देऊन ऐकलं. वाजला.

मग हीटर. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे इथे मला खरी गोडी वाटली. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबून तापलेल्या हवेतच डिझेल पेट घेतं. इंडिकाच्या जुन्या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरात पडत नाही, हेडमधल्या एका लहान कोठडीत पडतं. थंड हेडच्या त्या भिंती हवेची गरमी शोषून घेतात. म्हणून प्रत्येक कोठडीत हीटर प्लगचं लालबुंद टोक लागतं. आजच्या कॉमन रेलवाल्या, म्हणजे संगणकाच्या हुकमाने डिझेल फवारणाऱ्या गाड्यांत ते थेट सिलिंडरात पडतं, आपल्याकडच्या थंडीत त्यांचं हीटरवाचून फारसं अडत नाही. त्यामुळे नवी गाडी असलेल्या शेजाऱ्याचा सल्ला जुन्या गाडीला लावू नये.

डॅशबोर्डवरची वेटोळ्याची पिवळी बत्ती विझली की सेल्फ मारायचा, एवढं मला माहीत होतं. नाना म्हणाले, “बत्ती बुझनी म्हंजे हीटर तपना आसं नही ताई.” ती बत्ती ठरावीक वेळाने आपोआप विझते, प्लग तापले की नाहीत याच्याशी तिला देणंघेणं नसतं. त्यांनी हीटरच्या जाड वायरला क्लॅम्प मीटर अडकवला आणि मला चावी फिरवायला सांगितलं. चांगला प्लग सुरुवातीला दहा-बारा अँपिअर खातो, तेव्हा चार प्लगचे चाळीसच्या पुढे हवेत. मीटर वीस-बावीसला अडकला. म्हणजे प्लगना वीज सोडणारा रिले शाबूत, फ्यूज शाबूत, पण निम्मे प्लग मेलेले.

कोणते मेले ते शोधायला त्यांनी चारही प्लगना जोडणारी पट्टी काढली आणि टेस्ट लॅम्प माझ्या हातात दिला. लॅम्पची क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला, टोक एकेका प्लगच्या डोक्यावर. पहिल्यावर दिवा लागला, दुसऱ्यावर लागला नाही, तिसऱ्यावर लागला, चौथ्यावर अंधार. प्लग समांतर जोडणीत असल्यामुळे दोन गेले तरी उरलेले दोन चालूच राहतात. पंधरा-सोळा अंशांना तेवढ्यावर भागतं, सात अंशांना भागत नाही. ऑक्टोबरात गुणी आणि जानेवारीत हट्टी, याचा उलगडा तिथे झाला.

आता गंमत म्हणजे बिघडलेले प्लग सापडल्यावर ते लगेच काढायला नानांनी साफ नकार दिला. जुने प्लग काजळीने हेडमध्ये जाम बसलेले असतात, थंड असताना जोर लावला तर टोक आत मोडून राहतं, आणि मग हेड उतरवण्याची पाळी. त्यांनी पट्टी परत लावली, दोनदोनदा हीटर देऊन गाडी कशीबशी चालू केली, इंजिन चांगलं तापू दिलं, प्लगच्या मुळाशी गंज सोडवायचं तेल मारलं, चहा सांगितला, आणि मग गोटी पाना लावून थोडं सैल, थोडं घट्ट असं करत एकेक अलगद बाहेर घेतला. एका मेलेल्या प्लगचं टोक फुगलं होतं. ते सरळ ओढून निघालं याचं त्यांना स्वतःलाही बरं वाटलेलं दिसलं. दोनच बदला असं मी म्हणून पाहिलं, पण चारही एकाच वयाचे आहेत, उरलेले दोन पुढच्या थंडीत हेच करतील, हे त्यांचं म्हणणं पटलं. साडेतीनशेला एक याप्रमाणे चार.

दुसरा आजार हवेचा. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये त्यांनी पारदर्शक नळीचा एक तुकडा पहाटेच, सेल्फ मारायच्या आधी जोडून ठेवला होता. पहिला सेल्फ मारताना त्यातून बुडबुड्यांची माळच्या माळ गेली. टाकी खालच्या पातळीला, पंप वर. कुठे बारीक फट असली की रात्रभरात हवा शिरते आणि डिझेल मागे टाकीकडे उतरतं. दिवसभर गाडी चालू-बंद करताना हे कळतच नाही, तेवढ्या वेळात ते उतरत नाही. फट निघाली नोझलवरच्या रिटर्नच्या, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या रबरी नळ्यांत. बोटांनी वाकवल्यावर त्यांना केसासारख्या भेगा दिसल्या. बाहेर थेंबभरही डिझेल गळत नव्हतं, म्हणून आधी कुणाची नजर गेली नसावी. नळ्या बदलल्या, फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढलं, हातपंप मारून हवा काढली. दुसऱ्या पहाटे पुन्हा थंड गाडीवर खात्री करून मगच चावी दिली.

लोक थंडीत गाडीला काय काय करतात तेही मी नानांना विचारून घेतलं. स्प्रे मारून चालू करण्याला त्यांचा कडक विरोध. हीटर तापलेला असताना ईथरची फवारणी आत गेली तर ती भलत्याच वेळी भडकते आणि पिस्टन-रिंगांचा चुराडा होतो. एअर फिल्टर काढून पेटता बोळा धरण्याबद्दल ते नुसते हसले. डिझेलमध्ये रॉकेल घालू नका, कारण या पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं आणि रॉकेल त्याला कोरडं पाडतं.

यात माझी एक भर. ‘थंडीत डिझेल गोठतं’ हे आपल्याकडे सरसकट खरं नाही. भारतीय मानकानुसार नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या हिवाळी डिझेलने ६ अंशांपर्यंत फिल्टर तुंबवता कामा नये, उन्हाळी, म्हणजे उरलेल्या आठ महिन्यांच्या डिझेलला ही मर्यादा १८ अंश आहे. म्हणजे उभ्या राहणाऱ्या गाडीत पावसाळ्यातलं डिझेल उरलं असेल आणि तुम्ही ती घेऊन जानेवारीत तोरणमाळच्या डोंगरावर थंडीत मुक्कामाला गेलात, तर शंका घ्यायला जागा आहे. देवपुरात रोज चालणाऱ्या गाडीत नाही.

नानांनी काय करायचं टाळलं तेही सांगायला हवं. नोझल उघडले नाहीत, पंपाला हात लावला नाही. ते केलं असतं तर बिल कितीतरी वाढलं असतं आणि मी मुकाट्याने दिलंही असतं. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून थोडा धूर येतो, कम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबण्याची ताकद) थकत चाललंय, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. पण इंजिनचं काम आत्ता काढू नका, पुढच्या ऑइलला २०डब्ल्यू-५० ऐवजी जरा पातळ असं १५डब्ल्यू-४० टाका म्हणजे थंडीत सेल्फला हलकं जाईल, एवढाच सल्ला. प्लग, नळ्या, मजुरी धरून सगळं मिळून अडीच हजारांच्या आत. आधीच्या गॅरेजात नुसत्या बॅटरीलाच याच्या दुप्पट गेले होते.

आता तक्रारी. बायकांना बसायला तिथे जागा नाही, बाथरूमचं तर नाव नको. पहाटे थांबायचं म्हणजे गाडीतच बसायचं. फोन उचलतील याची शाश्वती नाही, उचलला तर मागे पंपाच्या टेस्टिंग मशीनची घरघर एवढी की काही कळत नाही. बिल म्हणजे वहीच्या कागदावर पेन्सिलीने लिहिलेली बेरीज. गाडी रात्री उघड्या गल्लीत राहते, टेप किंवा कागदपत्रं आत ठेवू नका. आणि कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर-पिकअपवाल्यांचा नंबर आधी लागतो, कारवाल्यांनी रांगेत थांबायचं. कॉमन रेलच्या गाड्या ते घेतच नाहीत, स्कॅनर नाही. वायरिंगचं काम निघालं तर शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडे पाठवतात आणि तो माणूस दहाच्या आधी उगवत नाही.

पाचपैकी चार तारे. कापलेला एक बाथरूमचा.

जाणार असाल तर गाडी संध्याकाळी सहाच्या आत नेऊन लावा, म्हणजे रात्रभर पुरती निवते. धूर कोणत्या रंगाचा आणि किती वेळाने येतो ते घरीच बघून ठेवा, पहिला प्रश्न तोच असतो. पैसे रोख न्या, क्यूआर कोड मुलाच्या नावाचा आहे आणि मुलगा बहुतेक वेळा बाहेरच असतो.