लकव्याच्या पेशंटसाठी एअर बेड: बबलचा, ट्यूबचा, आणि कधी काढून ठेवायचा

लकवा मारलेल्या पेशंटला उद्या डिस्चार्ज मिळणार असतो आणि घरचं कुणीतरी सर्जिकलच्या दुकानात यादी घेऊन उभं असतं. डायपर, अंडरपॅड, युरोबॅग (लघवीची पिशवी), नळीने भरवायची ५० मिलीची सिरिंज, आणि सगळ्यात खाली नुसतं 'एअर बेड'. कुठल्या प्रकारचा, पंप कितीवर ठेवायचा, अंगाखाली किती दिवस ठेवायचा, यातलं काही लिहिलेलं नसतं. दुकानदार फळीवरचा खोका काढून देतो. बहुतेक वेळा तो बबलचा, म्हणजे छोट्या फुग्यांचा असतो.

मत आधी सांगतो, कारणं मागाहून. अर्ध्या अंगाचा लकवा आहे, पेशंट फार जड नाही, दिवसरात्र कूस बदलायला माणूस आहे, तर बबलचा बेड पुरतो. मज्जारज्जूला मार बसून संवेदना गेली असेल, पेशंट शुद्धीवर नसेल किंवा कातडी आधीच फाटली असेल, तर ट्यूबचा, म्हणजे आडव्या नळ्यांचा घ्यावा. आणि जो पेशंट स्वतः कुशीवर वळायला, पलंगाच्या कडेला बसायला शिकतोय, त्याच्या अंगाखाली दोन्हीपैकी एकही नको.

धडधाकट माणूस झोपेतही हलत असतो. एका जागी दाब राहिला की तिथे अवघडतं आणि झोप न मोडता अंग सरकतं. मेंदूच्या किंवा मणक्याच्या आजारात हलणं जातं आणि पुष्कळदा अवघडल्याचं कळणंही जातं. त्यामुळे माकडहाडावरची कातडी लाल झाली तरी पेशंट हूं की चूं करत नाही. हाडाला लागून असलेलं मांस पुष्कळदा आधी मरतं, वरची कातडी नंतर. म्हणून वर रुपयाएवढा डाग दिसतो तेव्हा आत खड्डा झालेला असू शकतो; हाच बेडसोर. एअर बेड करतो ते एवढंच: अंगाखालच्या फुग्यांची एक रांग भरतो, शेजारची सैल सोडतो आणि साधारण दहा मिनिटांनी उलट करतो. दाब नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते.

बबलच्या बेडमध्ये प्लास्टिकच्या शीटवर सव्वाशेच्या आसपास फुगे असतात आणि फुगल्यावर त्यांची उंची जेमतेम अडीच इंच भरते. ही गादी नव्हे, गादीवर घालायचं आच्छादन आहे. खाली चार इंचांची सपाट फोमची गादी हवी. मध्ये खड्डा पडलेली कापसाची गादी असेल तर फुगेही त्या खड्ड्यातच बसतात. खोक्यावर शंभर किलोच्या वरचं वजन छापलेलं असतं. ते सपाट, उताणं झोपलेल्या माणसाचं समजावं. मेंदूच्या आजाराचा पेशंट तसा सपाट कुठे असतो? राइल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने) भरवताना आणि त्यानंतर निदान अर्धा तास डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर लागते, नाहीतर भरवलेलं उलटून श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. त्या स्थितीत धडाचं बहुतेक वजन माकडहाडावर येतं आणि अडीच इंचांचा फुगा नेमका तिथेच चपटा होतो. पंप चालू, दिवा लागलेला, पायाकडचे फुगे टम्म, आणि जिथे गरज आहे तिथे पेशंट खालच्या गादीला टेकलेला. बबलच्या बेडवर जखम झाली की सगळ्यात आधी हे तपासावं.

तपासायची रीत सोपी आहे. तळहात वरच्या बाजूला करून हात एअर बेडच्या खाली आणि गादीच्या वर, माकडहाडाच्या रेषेत सरकवा. हात आणि हाड यांच्यामध्ये निदान एक इंच हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागलं तर पंपाची चकती एक खूण वाढवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा हात घाला. हे उताणं झोपवून, कुशीवर वळवून आणि डोकं वर करून, तिन्ही वेळा करायचं. चकती शेवटपर्यंत नेऊनही हाड लागत असेल तर तो बेड त्या पेशंटचा नाही; दुसरा आणा. उलटी चूक तितकीच होते. 'कडक म्हणजे चांगला' या समजुतीने पहिल्या दिवशीच चकती शेवटाला नेतात. मग फुगे दगडासारखे होतात, अंग त्यात रुतत नाही आणि मोजक्या टोकांवर तोलून राहतं. हाड टेकणार नाही इतकी, सगळ्यात कमी हवा: हेच माप.

पलंग उचलताना आधी गुडघ्यांखालचा भाग उचलावा, मग डोकं. उलट केलं तर पेशंट पायाकडे घसरतो. कातडी चादरीला धरून राहते, आतलं हाड मात्र खाली जातं आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणून बंद होतात. प्लास्टिक गुळगुळीत असल्यामुळे एअर बेडवर ही घसरण जास्त होते. भरवून झाल्यावर अर्ध्या-एक तासाने पलंग ३० अंशांवर किंवा त्याखाली आणावा. दिवसभर ४५ अंशांवर बसवून ठेवणं हे दिसायला प्रेमाचं, पण माकडहाडासाठी वाईट.

ट्यूबच्या बेडची गोष्ट निराळी. सतरा-वीस आडव्या नळ्या, चार-पाच इंच उंच, प्रत्येक सुटी निघणारी. एक फुटली तर तेवढीच बदलता येते; बबलच्या बेडला भोक पडलं की ठिगळ लावायचं आणि तेही टिकेल तितके दिवस. बऱ्याच मॉडेलमध्ये डोक्याखालच्या दोन-तीन नळ्या कायम भरलेल्या राहतात. गळ्यात ट्रॅकिओस्टोमीची (श्वासासाठी पाडलेल्या भोकातली) नळी असलेल्या पेशंटला याचा मोठा आधार, कारण डोकं खालीवर होत नाही. 'स्टॅटिक'चं बटण असेल तर स्पंजिंग, ड्रेसिंग आणि फिजिओथेरपीच्या वेळी सगळ्या नळ्या सारख्या भरून राहतात. बबलचा बेड दोन-तीन हजारांत मिळतो, ट्यूबचा त्याच्या तीन-चारपट किंवा जास्त. मज्जारज्जूच्या पेशंटच्या बाबतीत आमच्या मते हा खर्च टाळू नये. माकडहाडावर खोल जखम झाली तर महिनोन् महिने ड्रेसिंग, कधी ऑपरेशन, आणि व्हीलचेअरवर बसणं बंद.

पण ट्यूबच्या बेडचेही दोन धोके आहेत. तो जाड आहे, म्हणजे पेशंट पलंगाच्या कठड्याच्या जवळ येतो. डोक्याला मार लागलेला, गोंधळलेला पेशंट रात्री उठायला बघतो. कठडा गादीच्या वर वीतभर तरी उरतोय का, ते विकत घेण्याआधी मोजा. दुसरं, मज्जारज्जूच्या काही पेशंटना अंगाखालच्या हालचालीनेच पायांचे झटके वाढतात. तसं दिसलं तर स्टॅटिकवर ठेवून कूस बदलण्याची वेळ कडक पाळावी.

युरोबॅगची नळी मांडीखालून कधीच नेऊ नये. बेडच्या दोन नळ्यांच्या फटीत ती दबते आणि लघवी तुंबते. छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याच्या वरच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा असेल तर एवढ्यानेही रक्तदाब एकदम चढतो: डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या अंगाला घाम सुटतो. अशा वेळी पेशंटला लगेच बसतं करा, नळी मोकळी करा, पट्टे आणि घट्ट कपडे सैल करा, आणि उतार पडत नसेल तर तातडीने हॉस्पिटल गाठा.

पंप पाच-दहा वॅटचा असतो, घरच्या इन्व्हर्टरवर सहज चालतो. त्याचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवरच हवा, एसीच्या नव्हे. इन्व्हर्टर नसेल तर वीज गेल्याबरोबर दोन्ही पाइप पंपातून काढून दुमडा आणि रबरबँडने घट्ट बांधा. हवा काही वेळ टिकते, पण फुग्यांची अदलाबदल बंद असते, हे विसरू नये. पंप पलंगाच्या पायाकडच्या दांडीवर टांगावा. जमिनीवर ठेवला तर फरशी पुसतानाचं पाणी आणि धूळ आत जाते. घरघर फार होत असेल तर दांडी आणि पंप यांच्यामध्ये नॅपकिनची घडी घाला, हवा घ्यायची भोकं मात्र झाकू नका.

आता सगळ्यात जास्त घरांत दिसणारी चूक. एअर बेड आणतात आणि त्यावर गोधडी, रेक्झिन, चादर, आडवी चादर, अंडरपॅड आणि डायपर असे थर रचतात. बेड खाली इमानाने काम करतो, वर काही पोचत नाही. एअर बेडवर एक सैल सुती चादर आणि गरजेपुरता एक अंडरपॅड, बस. चादर ताणून खोचली तर ती झोळीसारखी होते आणि फुगे अंगाला लागतच नाहीत. पलंगावर असताना डायपर बांधण्यापेक्षा अंडरपॅडवर मोकळं ठेवणं बरं; ओल राहिलेली कातडी लवकर सोलली जाते.

टाचांचं रक्षण कुठलाही एअर बेड भरवशाने करत नाही. पोटरीखाली लांबीच्या दिशेने उशी द्या, गुडघा किंचित वाकलेला आणि टाच हवेत. हवा भरायच्या गोल रिंगा वापरू नयेत. रिंगेच्या काठावर दाब येतो आणि मधल्या भागाचा रक्तपुरवठा अडतो. पाण्याच्या गाद्या जड, थंडीत गार आणि हलवायला अशक्य. आता त्या घेण्याचं कारण नाही.

कूस बदलणं एअर बेडने सुटत नाही. सुरुवात दर दोन तासांनी करावी, आणि कातडी चांगली राहते असं दिसलं तरच अंतर वाढवावं. पूर्ण ९० अंशांत वळवलं तर खुब्याच्या हाडावर भार येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून ३० अंशच. लकव्याच्या बाजूचा हात धरून पेशंटला कधीही ओढू नये. खांद्याचा सांधा निसटतो आणि ते दुखणं पुढे महिनोन् महिने पुरतं. चांगल्या कुशीवर झोपवलं की लकव्याचा हात छातीपुढे उशीवर, खांदा पुढे घेतलेला. ब्युरोकडून देखभालीला येणाऱ्या मावशींना हे शब्दांत सांगून भागत नाही, पहिल्या दिवशी सोबत उभं राहून दोनदा करून घ्यावं. प्रत्येक वेळी माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कानांच्या पाळ्या आणि डोक्याची मागची बाजू बघावी. लाल जागेवर तीन सेकंद बोट दाबून सोडा. फिकी पडून पुन्हा लाल झाली तर कातडी अजून वाचू शकते, फिकीच पडली नाही तर इजा झाली आहे. आपल्याकडच्या सावळ्या रंगावर लाली दिसत नाही, तिथे शेजारच्या कातडीपेक्षा गरम, टणक किंवा पिठासारखी मऊ लागते का ते हाताने बघावं. अशी जागा चोळू नये, तेल लावूनही नाही.

चांगला फोम एअर बेडपेक्षा फार मागे आहे असं नाही. ब्रिटनमध्ये २०२९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रेशर २' या चाचणीत भारी दर्जाचा फोम आणि हवेची गादी यांत फरक थोडाच आढळला. म्हणूनच लकव्याच्या पेशंटने गुडघे वाकवून कंबर उचलायला सुरुवात केली की एअर बेड काढावा. हलत्या, मऊ पृष्ठभागावर पायाला रेटा मिळत नाही, कडेला बसवलं तर कड खचते आणि प्लास्टिकवरून पेशंट घसरतो. सुधारणेच्या ऐन आठवड्यांत पेशंट नुसता पडून राहतो आणि फिजिओथेरपिस्टची मेहनत फुकट जाते. पार्किन्सनच्या पेशंटलाही, तो थोडाफार वळू शकत असेल तोवर, घट्ट फोमच द्यावा. मऊ गादीत रुतला की रात्री त्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही.

बिघाड झाला तर आधी पंप बघा. पाइप काढून दोन्ही तोंडांवर बोट ठेवा: एकातून हवा, दहा मिनिटांनी दुसऱ्यातून. एकच तोंड चालत असेल किंवा दोन्ही मंद असतील तर आतला रबरी पडदा गेला आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. पंप ठीक असेल तर पाइप पलंगाच्या सांध्यात चेमटलाय का ते पाहा, मग साबणाचं पाणी लावून फुग्यांवर बुडबुडे शोधा. सेफ्टी पिन, कात्रीचं टोक आणि आजीच्या बांगडीची तुटकी कड, भोकं बहुधा यांनीच पडतात.

थोड्या आठवड्यांचं काम असेल तर गावातल्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात चौकशी करा. अनामत आणि नाममात्र भाड्यावर मिळतो. घरी आणण्याआधी तिथेच जोडून पंधरा मिनिटं चालवून बघा, म्हणजे दोन्ही रांगा भरताना दिसतील. परत करताना साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, सावलीत पूर्ण वाळवा आणि घडी न घालता गुंडाळी करा. घडीच्या रेषेवर प्लास्टिक आधी चिरतं.